कॅमेऱ्यासमोरील सहजपणा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासंबंधी मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस प्रथम विचारले, तेव्हा आम्ही स्पष्ट नकार दिला होता. आम्ही जुने मॅट्रिक. १९७७ पासून २०१६ पर्यंत, म्हणजे ३९ वर्षे, प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे घोकून घेण्यात आमची हयात गेली. चित्रपटाशी आमचा संबंध म्हणाल तर २०१८ साली एका मराठी चित्रपटात आम्ही चार दिवस काम केले आणि पडद्यावर सहा-सात मिनिटे दिसलो. एवढ्या शिदोरीवर अभिनयाविषयी बोलणे म्हणजे पंढरीची वाट एकदा चालून आलेल्याने वारकऱ्यांस उपदेश करण्यासारखे होय. परंतु चिटणीस म्हणाले, “आपल्या ज्ञातीतील आठ-दहा मुले-मुली हल्ली मालिका-चित्रपटांच्या निवडचाचण्यांना जातात. पालक आम्हांला विचारतात, आणि आमच्यापाशी उत्तर नसते. तुम्ही निदान कॅमेरा जवळून पाहिला आहे.” वासरांत लंगडी गाय शहाणी, या न्यायाने आम्ही येथे उभे आहोत.

या क्षेत्रात जावे की जाऊ नये, हा आमचा आजचा विषय नव्हे. तो प्रत्येक घराने आपल्या घरात सोडवावा. आमचा विषय लहान आहे. पडद्यावर एखादा नट काहीही न करता खरा वाटतो आणि दुसरा घाम गाळूनही खोटा वाटतो, हे का घडते, एवढेच आम्हांस बोलावयाचे आहे.

आमची हकीकत अशी. निवृत्त झाल्यावर आम्ही तालुक्याच्या गावी स्थायिक झालो. तेथे जवळच्या एका शाळेत चित्रीकरणासाठी मंडळी आली. एका वृद्ध शिक्षकाची छोटी भूमिका करावयास ठरलेले गृहस्थ आजारी पडले. दिग्दर्शक तिशीचा तरुण. त्याने आम्हांस पाहिले आणि म्हणाला, “गुरुजी, तुम्ही खरेच शिक्षक आहात. तुम्हांला अभिनय करावाच लागणार नाही.” हे ऐकून आम्हांस जो आनंद झाला, त्याची आठवण झाली म्हणजे आज हसू येते. आम्ही मनात म्हटले, ३० वर्षे स्नेहसंमेलनांची नाटके बसविणाऱ्या माणसास हा मुलगा काय सांगतो आहे! या नाटकांतून आम्ही मुलांस एकच धडा देत आलो होतो. शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीला ऐकू गेले पाहिजे, आणि ऐकू नाही गेले तरी दिसले पाहिजे. राग आला की मूठ आवळायची, दुःख झाले की हात कपाळाला. पोरांच्या तोंडचे “नाय” आम्ही खोडून “नाही” करीत असू, हेही येथे कबूल करून टाकतो.

प्रसंग साधा होता. वर्ग भरलेला आहे. शिक्षक हजेरी घेत आहेत. आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेला एक मुलगा चार महिन्यांनी परत आला आहे. त्याचे नाव येते, क्षणभर शांतता होते, मग “हजर” असा शब्द ऐकू येतो आणि शिक्षक मान वर करून पाहतात. बस, एवढेच. संवाद नाही.

आदल्या रात्री आम्ही आरशासमोर तासभर तालीम केली. चष्मा नाकावर ओढावयाचा, भुवया उंचवावयाच्या, मग एक सुस्कारा आणि शेवटी किंचित स्मित, अशी चार पावलांची रचना आम्ही पक्की केली. सौभाग्यवतींनी दारातून पाहिले आणि “पोटात दुखतंय का?” असे विचारून त्या स्वयंपाकघरात गेल्या. तो इशारा आम्हांस कळावयास हवा होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वेळा तो प्रसंग घेतला गेला. दिग्दर्शक प्रत्येक वेळी नम्रपणे म्हणे, “छान झालं गुरुजी, फक्त थोडं कमी करा.” आम्ही कमी केले. भुवई निम्मी उंचावली, सुस्कारा अर्धा सोडला. अखेरीस इतके कमी केले की आमचा चेहरा दगडी झाला, आणि तोही खोटाच. आमची चूक आम्हांस फार पुढे समजली. खोटे कमी केल्याने खरे होत नाही. ते कमी खोटे होते, इतकेच.

मग त्याने दुसरा उपाय सांगितला. म्हणाला, “तुमच्या आयुष्यातलं एखादं दुःख आठवा.” आम्ही आमच्या मातोश्रींचे शेवटचे दिवस आठविले. डोळे खरोखरच भरून आले. आम्हांस वाटले, झाले काम. दिग्दर्शकाने चित्रण पाहिले, बराच वेळ तो बोलला नाही, आणि मग हळूच म्हणाला, “गुरुजी, रडणं खरं आहे. पण तुम्ही त्या मुलाकडे बघतच नव्हता.” हे वाक्य आम्ही त्या दिवसापासून जवळ बाळगले आहे. अश्रू अस्सल होते, पण ते आमचे होते. समोर उभ्या असलेल्या पोराचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. आपल्याच भावनेकडे पाहत बसलेला नट समोरच्याला विसरतो, आणि कॅमेऱ्याला ते दिसते.

त्यानंतर चहा झाला. चहा पिता पिता दिग्दर्शकाने आमच्या हाती एक खरे हजेरीपत्रक दिले. त्यात त्या वर्गात बसलेल्या मुलांची खरी नावे होती. म्हणाला, “गुरुजी, आता अभिनय सोडा. हजेरी बिनचूक मांडा. काही मुलांना मी बाहेर पाठवणार आहे, कोणाला ते सांगणार नाही. शेवटी मी पत्रक तपासणार.” हजेरीपत्रक तपासले जाणार म्हटल्यावर ३९ वर्षांची सवय अंगात संचारली. आम्ही चष्मा पुसला, पेन उघडले आणि कामाला लागलो. नावे घेत होतो, कान देऊन उत्तर ऐकत होतो, खुणा करीत होतो. त्या मुलाचे नाव आले. बाकाच्या दिशेने उत्तर येईल अशी आमची अपेक्षा होती. दिग्दर्शकाने त्याला गुपचूप दाराशी उभे केले होते. “हजर” हा शब्द भलतीकडून आला. आमची मान वळली, पेन हातात तसेच राहिले, आणि मनात एवढाच विचार आला की हा केव्हा आला? तेवढ्यात “कट” असे शब्द ऐकू आले. आम्ही म्हणालो, “थांबा, अजून सात नावे राहिली आहेत.” सगळे हसले.

तो तुकडा चित्रपटात आहे. त्यात आमच्या चेहऱ्यावर सांगण्यासारखे काहीही नाही. तरी चित्रपटगृहात त्या जागी बायका डोळे पुसताना आम्ही पाहिल्या. सौभाग्यवती बाहेर आल्यावर म्हणाल्या, “अहो, घरी कधी कुणाचं इतकं कान देऊन ऐकलंत का?”

आता यातील मर्म सांगावयाचे तर आम्हांस आपल्या ज्ञातीच्या धंद्याकडे वळावे लागते. आमचे वडील बाजारपेठेत शिवणकाम करीत. कोट-सदऱ्याचे माप द्यावयास गिऱ्हाईक उभे राहिले आणि टेप अंगाला लागली की ते छाती पुढे काढते, पोट आत ओढते आणि श्वास रोखते. त्या मापाने शिवलेला सदरा घरी जाताच बटणांवर ताणतो. म्हणून वडील टेप खांद्यावर तशीच ठेवीत आणि विचारीत, “काय पाटील, विहिरीला पाणी किती?” पाटील विहिरीविषयी बोलू लागले, वैतागले, हातवारे करू लागले की वडील हलक्या हाताने माप घेऊन मोकळे होत. ते खरे माप. कॅमेरा हीही एक मापाची टेपच आहे. ती अंगाला लागली की माणूस पोट आत ओढतो. आमच्या त्या तरुण दिग्दर्शकाने हजेरीपत्रक देऊन आम्हांस विहिरीच्या पाण्याकडे वळविले होते.

पुढे वाचनालयातून पुस्तके आणून पाहिली, तेव्हा कळले की हे ज्ञान नवे नाही. रशियातील नाट्याचार्य स्तानिस्लाव्हस्की, ज्यांनी १८९८ साली नेमिरोविच-दान्चेन्को यांच्या सोबतीने मॉस्को आर्ट थिएटर स्थापन केले, त्यांच्या ग्रंथात एक सुंदर प्रसंग आहे. के. नारायण काळे यांनी तो ग्रंथ ‘अभिनय साधना’ या नावाने मराठीत आणला आहे. एका विद्यार्थिनीस सांगितले जाते की पडद्याच्या घडीत एक पिन खोवलेली आहे, ती तू शोध. त्या पिनेवर तुझे या शाळेतले शिक्षण अवलंबून आहे. ती रंगमंचावर धावते, डोके धरते, छाती पिटते, व्याकूळ होते. खाली आल्यावर तिला वाटते, आपण फार चांगले केले. गुरु विचारतात, “पिन कोठे आहे?” ती शोधावयास मुलगी विसरूनच गेलेली असते! मग तिला बजावले जाते की पिन सापडली नाही तर शाळा सोडावी लागेल. आता ती खरोखर शोधते, घडी घडी चाचपून पाहते. तिच्याकडे पाहणाऱ्यांस दोहोंतला फरक सांगावा लागत नाही. आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या चार पावलांच्या रचनेची आठवण होऊन एकटेच हसलो.

भाबड्या श्रद्धेने केलेली कृती कशी असते, हे आपल्या ज्ञातीला रशियातून शिकण्याची गरज नाही. बाळ नामदेव नैवेद्याचे ताट घेऊन विठ्ठलापुढे बसला, ती कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. देव जेवत नाही ही गोष्ट त्या बालकास ठाऊकच नव्हती. म्हणून त्याने आळवणी केली ती खरी, रुसला तो खरा. भक्तीच्या प्रांतात शिरण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु मानलेली परिस्थिती ज्याला खरी वाटते, त्याला वेगळा अभिनय करावा लागत नाही, हे आम्ही तेथूनच शिकलो.

बिनभावाचा चेहरा पाहून प्रेक्षक का हेलावतात, याचाही उलगडा शंभर वर्षांपूर्वी रशियातच झाला होता. लेव्ह कुलेशोव्ह यांनी मोझूखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार चेहरा तीन ठिकाणी जोडला. एकदा रश्श्याच्या ताटलीजवळ, एकदा शवपेटीतील स्त्रीजवळ, एकदा खेळणाऱ्या लहान मुलीजवळ. प्रेक्षकांनी त्या एकाच चेहऱ्यावर वेगवेगळे भाव पाहिले आणि नटाची वाखाणणी केली, असे पुदोव्हकिन यांनी लिहून ठेवले आहे. पडद्यावर अर्धे काम पाहणारा करीत असतो. नटाने सगळे स्वतःच केले तर पाहणाऱ्यास काही उरत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये डुकराच्या मागे धावणारे कुटुंब, शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी थिजते. किशोर कदम तेथे नुसते उभे आहेत. आम्ही हजारो वेळा राष्ट्रगीताला उभे राहिलो असू. पण ते उभे राहणे पाहून आमच्या पोटात कालवले. आणि याच्या उलट, हल्लीच्या मालिकांत एखादी वाईट बातमी आली की घरातील एकूण एक माणसाचा चेहरा तीन-तीन वेळा दाखवितात आणि मागे वीज कडाडते. त्या बिचाऱ्या नटांचा दोष नाही. रोज भाग द्यावयाचा असतो. पण आपल्या मुलांनी ते पाहून अभिनय शिकू नये.

आता कोणी म्हणेल, मग नाटकातला नट चित्रपटास कुचकामी काय? तसे मुळीच नाही. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत. त्यांच्यापेक्षा खरे तुकोबा मराठी माणसाने पाहिले नाहीत. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग तर लोक तुकोबांचाच समजून गात आले. म्हणजे अस्सलपणा हा जन्मदाखल्यावर नसतो, मनापासून झालेल्या एकरूपतेत असतो. डॉ. श्रीराम लागू हेही रंगभूमीचेच. १९७२ च्या ‘पिंजरा’त ते शिक्षक होते आणि १९७५ च्या ‘सामना’त मास्तर होते, आणि दोन्ही मास्तर एकमेकांना रस्त्यात भेटले तर ओळखणार नाहीत. ‘सामना’त त्यांच्यासमोर निळू फुले आहेत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला आणि पूर्वी माळीकाम केलेला हा नट समोरच्याचे बोलणे असे ऐकतो की बोलणाऱ्याकडे पाहावे की ऐकणाऱ्याकडे, हा आम्हांस प्रश्न पडतो.

बलराज साहनी यांची हकीकत मुलांनी अवश्य वाचावी. ते लाहोरास इंग्रजी साहित्य शिकलेले, शांतिनिकेतनात शिकविलेले, लंडनला बी. बी. सी.वर काम केलेले. बिमल रॉय यांनी त्यांना १९५३ च्या ‘दो बीघा ज़मीन’मध्ये रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याचे काम दिले. साहनी जोगेश्वरीच्या गवळीवाड्यात जाऊन उत्तरेकडच्या भय्या लोकांचे उठणे-बसणे, डोक्याला गमछा बांधणे पाहत बसत. कलकत्त्यात अनवाणी रिक्षा ओढावयास शिकले. तरी त्यांच्या मनात भीती होतीच की आपल्याला हे जमणार नाही. अशा अवस्थेत एका खऱ्या रिक्षावाल्याने त्यांस विचारले, येथे काय चालले आहे? साहनींनी चित्रपटाची गोष्ट सांगितली, तर त्या माणसाच्या डोळ्यांस धारा लागल्या. त्याचीही थोडी जमीन गावी सावकारी पाशात अडकली होती आणि ती सोडविण्यासाठी तो वर्षानुवर्षे रिक्षा ओढीत होता. साहनी लिहितात की त्या क्षणी आपण अभिनयाची सारी शास्त्रे बाजूस ठेवली. आता प्रश्न आपण कसे दिसतो हा उरला नव्हता. या माणसाची गोष्ट जगाला सांगावयाची होती. त्यांनाही विहिरीच्या पाण्याकडे कोणीतरी वळविले.

आता एका अवघड गोष्टीविषयी बोलतो. मुलांकडून सहज प्रतिक्रिया कशी मिळवावी? इटलीच्या दे सिका यांच्या १९४८ च्या ‘बायसिकल थीव्हज’मधील मुलास रडवावयाचे होते, तेव्हा त्याच्या खिशात सिगारेटची थोटके टाकून त्याच्यावर आळ घेतला, अशी हकीकत पुस्तकांतून सांगितली जाते. चित्रपट थोर आहे यात शंका नाही. पण आम्ही जन्मभर मुलांत वावरलो आहोत; ते अश्रू पाहून आम्हांस थोर वाटत नाही. याउलट सत्यजित राय यांचे पाहा. १९५२ साली ‘पथेर पांचाली’च्या पहिल्याच चित्रीकरणात काशफुलांच्या शेतातून अपूला बहिणीस शोधीत चालावयाचे होते. मुलगा ताठ, यंत्रासारखा चाले. तेव्हा राय यांनी त्याच्या वाटेत काटक्या टाकल्या आणि गवतात माणसे लपवून ठरावीक वेळी हाका मारावयास लावल्या. मुलगा थांबे, वळून पाही, काटकी ओलांडे. प्रेक्षकास दिसला तो बहिणीस शोधणारा अपू. मुलाचे काही बिघडले नाही. अचानकपणा आणि अपमान यांतला भेद ज्याला कळत नाही, त्याच्या हाती आपले मूल पालकांनी देऊ नये, हे आम्ही येथे स्पष्ट बजावतो.

हाच पेच आमच्या चित्रीकरणात उभा राहिला. त्या मुलाने फाटक्या दप्तराकडे पाहून रडावे, असा प्रसंग होता. मूल काही केल्या रडेना. एक साहाय्यक म्हणाला, “त्याला सांगू या, तुझी आई तुला इथेच टाकून घरी निघून गेली.” आजूबाजूची मंडळी गप्प राहिली. आम्हीही क्षणभर गप्प राहिलो, हे लपवीत नाही. चार दिवसांचा पाहुणा, आपण कशास बोला? पण मग आम्ही दिग्दर्शकास बाजूला घेऊन म्हणालो, “रडण्यापेक्षा त्याला दप्तर शिवू द्या. सुई-दोरा आहे का?” वेशभूषेच्या पेटीतून सुई निघाली. चुलीजवळच्या अंधुक उजेडात त्या पोराला दोरा ओवावयास सांगितले. त्याने कधी सुई धरली नव्हती. दोऱ्याचे टोक तोंडात ओले करावयाचे, चिमटीत पिळावयाचे आणि मग दोरा नेढ्याकडे न्यावयाचा, हे आम्ही त्याला दाखविले. कॅमेरा सुरू झाला. दोनदा दोरा चुकला, तिसऱ्यांदा गेला. पहिला टाका घातला आणि दप्तराचा जुना बंद आणखीच फाटला. त्या पोराच्या तोंडावर जे उमटले, ते कोणत्याही रडण्याने उमटले नसते. ओठ घट्ट मिटून तो पुन्हा पहिल्यापासून दोरा ओवू लागला. दिग्दर्शकाने “कट” म्हटलेच नाही. शेवटी मुलगाच म्हणाला, “गुरुजी, गाठ कशी मारायची?” हे वाक्यसुद्धा चित्रपटात ठेवले आहे.

एवढ्यावरून कोणी असे समजू नये की अनोळखी माणूस उभा करून हाती सुई दिली की चित्रपट होतो. आमचे एक-दोन तुकडे बरे झाले, म्हणून आम्ही नट झालो नाही. दुसऱ्या प्रसंगी आमची खरी परीक्षा झाली. मुलाच्या आईचे काम करणाऱ्या एक अनुभवी बाई होत्या. त्यांच्याशी आमचे लांबलचक संभाषण होते. कॅमेरा फक्त आमच्यावर होता; बाई दिसणार नव्हत्या. त्या खोलीत जाऊन विसावल्या असत्या तर चालण्यासारखे होते. पण त्या कॅमेऱ्याच्या कडेला उन्हात उभ्या राहिल्या आणि प्रत्येक वेळी तितक्याच तळमळीने बोलल्या. आम्हांस वेगळे काही करावे लागले नाही, फक्त त्यांना उत्तर द्यावे लागले. नंतर त्यांच्यावर कॅमेरा आला तेव्हा दिसले की पदर कोणत्या शब्दाला खांद्यावर घ्यावयाचा, पाण्याचा तांब्या कोणत्या हातात, हे त्यांना नऊही वेळा अचूक आठवत होते. तुकडे पुढे जोडावयाचे असतात; पदर एकदा डोक्यावर आणि एकदा खांद्यावर दिसून चालत नाही. जमिनीवर चिकटपट्टीने केलेल्या खुणेवर खाली न पाहता त्या थांबत. इतका हिशेब डोक्यात ठेवूनही बोलणे मात्र प्रत्येक वेळी नुकतेच सुचल्यासारखे. आम्ही विचारले, “बाई, नवव्यांदा तेच कसं नवं वाटतं?” त्या म्हणाल्या, “तेच नसतंच गुरुजी. तुम्ही दर वेळेस थोडं वेगळं बघता. मी तेवढंच पकडते.” आमच्या वडिलांस काज करावयास बसल्यावर टाके मोजावे लागत नसत, ते आम्हांस आठवले. ती सहजता ४० वर्षांच्या हाताची होती.

बोलीविषयी एकच सांगतो. मुलांनी घरची भाषा टाकू नये. भूमिकेला दुसरी बोली लागेल तेव्हा ती शिकावी. परंतु स्वतःची बोली विसरून आलेल्याला कोणतीच बोली नीट येत नाही. ज्या पोरांच्या तोंडचे “नाय” आम्ही ३० वर्षे खोडले, त्यांची आम्ही येथे क्षमा मागतो.

शेवटी एक खाजगी गोष्ट. तो हजेरीचा प्रसंग झाला त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. १९९१ साली आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील वारले. मुलगा महिनाभर आला नाही. तो परत आला त्या दिवशी आम्ही हजेरी घेत होतो. “हजर” असे तो म्हणाला. आम्ही खूण केली आणि पुढचे नाव घेतले. मान वर केली नाही. मधल्या सुट्टीनंतर तो टेबलाशी येऊन म्हणाला, “गुरुजी, मी आलोय.” आम्ही म्हणालो, “बरं, वही काढ.” एवढ्या वर्षांत हे आठवले नव्हते. त्या दिवशी दाराशी उभ्या केलेल्या पोराकडे मान वळली, तेव्हा आठवले. म्हणजे जी नैसर्गिक प्रतिक्रिया आम्हांस वर्गात सुचली नाही, ती कॅमेऱ्यासमोर बाराव्या खेपेस आली.

तो मुलगा आता मोठा झाला आहे, तालुक्यास त्याचे स्वतःचे दुकान आहे. चित्रपट लागला तेव्हा तो मुलाबाळांना घेऊन पाहून आला आणि वाटेत भेटला. पायां पडून म्हणाला, “गुरुजी, काय काम केलंत! अगदी असेच हजेरी घ्यायचात तुम्ही.” आम्ही त्याला काय उत्तर द्यावे, हे आम्हांस सुचले नाही. मुलांची नावे विचारली.

असो. वेळ बराच झाला आहे, आणि भोजनाची पाने वाढली जात असल्याचा सुगंध येथवर येतो आहे. ज्ञातीतील ज्या मुलामुलींना चाचण्यांस जावयाचे आहे, त्यांनी उद्या सकाळी दहा वाजता वसतिगृहाच्या खालच्या खोलीत यावे. पाठ केलेले संवाद आणू नयेत. सुई-दोरा आणि एक जुने हजेरीपत्रक आम्ही घेऊन येऊ.